९४ मिलिमीटरवरचा ठिपका

चिपळुणातलं घर, माडीवरची खोली, खिडकीलगत टेबल आणि त्यावर चार रंगांचा घरगुती लेझर प्रिंटर. घरातल्या वहिनी कोकमाचं आगळ, आमसुलं आणि फणसपोळी विकतात. बाटल्यांवरची, पाकिटांवरची लेबलं याच यंत्रावर छापतात. आधी त्यांच्याकडे इंकजेट होता. तो बाजारपेठेतल्या गाळ्यात असायचा आणि जुलै २०२१ च्या महापुरात गाळ्यासकट पाण्याखाली गेला. त्यानंतर छपाई माडीवर आली आणि इंकजेटच्या जागी लेझर आला. त्यालाही कारण होतं. फ्रिजमधून काढलेल्या घामेजल्या बाटलीवर इंकजेटची शाई पसरते. लेझरचा टोनर म्हणजे वितळून कागदाला चिकटलेलं प्लॅस्टिक, ते पाण्याला दाद देत नाही.

श्रावण लागला, गणपतीच्या ऑर्डरी आल्या आणि लेबलं बिघडायला लागली. वहिनींच्या तोंडून तक्रार अशी आली: "भावोजी, रंग फुटतात, मध्येच गुलाबी ठिपके येतात, अक्षरं फुगल्यासारखी दिसतात, बोट फिरवलं की छापलेलं निघतं. आणि काल तर आतून धूर आला." ज्या दुकानातून यंत्र घेतलं होतं तिथे फोन केल्यावर उत्तर मिळालं, की चारही टोनर बदला आणि ड्रमचा, म्हणजे टोनर कागदावर उतरवणाऱ्या नळकांड्यांचा, संचही घ्या. त्या सगळ्याची किंमत नव्या प्रिंटरच्या निम्म्याच्या वर जात होती. गुरुजी, म्हणजे वहिनींचे सासरे, जुन्या शाळेतले गणिताचे शिक्षक. ते म्हणाले, "अरे, न बघता उत्तर कसं सांगतात हे लोक? रीत दाखवा म्हणावं."

दुकानदारांचा हा सल्ला नेहमीचाच. टोनर बदलून प्रश्न सुटला तर श्रेय मिळतं, नाही सुटला तर माल तरी खपलेला असतो. पण टोनर संपत आल्याची लक्षणं वेगळी असतात. एकच रंग पानभर सारखा फिकट होत जातो आणि डबा काढून आडवा हलवला, की काही पानं पुन्हा गडद येतात. इथे तसं काही नव्हतं. यंत्राने स्वतः छापलेल्या माहितीच्या पानावर चारही डब्यांत पुरेसा टोनर दिसत होता आणि ड्रमचं आयुष्य निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. हे आकडे बहुधा फेऱ्या आणि पानं मोजून काढलेला अंदाज असतात, ड्रमचा पृष्ठभाग कसा आहे ते त्यातून कळत नाही. तरी नवा संच घेण्याआधी थांबायला तेवढं पुरे होतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं होऊ नये म्हणून आधी आग कुठे लागली आहे ते बघणं आलं.

तक्रारी पाच होत्या आणि वहिनी त्या एका दमात सांगत होत्या, म्हणून बिघाड एक वाटत होता. घरगुती कलर लेझरच्या बाबतीत असा गुंता फार वेळा होतो. माणूस एक दोष चालवून घेतो, दुसराही चालवून घेतो, तिसरा आला की सगळे मिळून एकदम खटकतात. ते सोडवायचे तर पहिलं काम म्हणजे फोन, फाइल आणि लेबलचा कागद बाजूला ठेवून यंत्राच्या पॅनलवरूनच चाचणीचं पान काढणं. त्या पानाचा वहिनींच्या डिझाइनशी काही संबंध नसतो. तरीही त्यावर दोष दिसला, तर तो यंत्राचा किंवा कागदाचा.

पहिलं पान ट्रेमध्ये होता त्याच साध्या ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदावर काढलं. चार रंगांचे पट्टे आले. निळा पट्टा ढगाळ, कुठे दाट तर कुठे विरळ. हिरव्या चौकोनाची तीच गत, किंबहुना जास्त वाईट. पांढऱ्या जागेत डाव्या बाजूला गुलाबी ठिपका, त्याच सरळ रेषेत खाली दुसरा, त्याखाली तिसरा. अक्षरं मात्र स्वच्छ, काळीभोर, कडा धारदार. नखाने खरवडून पाहिलं तर टोनर पक्का बसलेला. दुसरं पान सीलबंद रिम फोडून त्यातल्या कागदावर काढलं. ढगाळपणा गेला. ठिपके होते तिथेच, तितकेच.

दोन पानांत गुंता बराचसा सुटला. फुगलेली अक्षरं यंत्राची नव्हती, म्हणजे ती फाइलमधून येत होती. निघून येणारी छपाई फक्त लेबलच्या कागदावरची. ढगाळ रंग जुन्या कागदाचे. यंत्राच्या पदरात पडला तो एकटा ठिपका.

असं पान वाचताना मी तीन गोष्टी बघतो: रंग कोणता, दिशा कोणती आणि दोष परत येतो तो किती अंतराने. कागद सरकतो त्या दिशेने सलग उभी रेघ आली, तर बहुधा एका जागी स्थिर असलेल्या कशावर तरी घाण बसलेली असते. लेझरच्या काचेवर धूळ असेल तर पांढरी रेघ येते, ड्रमला विद्युतभार देणाऱ्या कोरोना तारेवर मळ असेल तर रंगीत. ठरावीक अंतराने परत येणारी खूण म्हणजे काहीतरी फिरतंय आणि त्या फिरणाऱ्या वस्तूला डाग लागला आहे. कसेही, कुठेही पसरलेले ढग असतील तर संशय कागदावर, हवेवर किंवा उष्णतेवर जातो.

ठिपक्याचं अंतर मोजायला गुरुजींनी कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढली. एका ठिपक्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ९४ मिलिमीटर. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत तेवढेच. फिरणारी गोल वस्तू एका फेरीत आपल्या परिघाइतका कागद पुढे नेते, म्हणून दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे त्या वस्तूचा परीघ. ९४ ला ३.१४ ने भागलं की व्यास येतो ३० मिलिमीटरच्या आसपास. गुरुजींनी तो तोंडी काढला आणि माझ्याकडे बघितलं. या यंत्रातल्या ड्रमचा व्यास तेवढाच आहे. टोनरचा रूळ लहान असतो, त्याचा डाग कमी अंतराने परत येतो. फ्यूजरचा, म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या तापत्या भागाचा, रूळ आणखी वेगळा. बऱ्याच कंपन्या आपल्या दुरुस्तीच्या पुस्तिकेत कोणत्या अंतराला कोणता भाग, याचा तक्ता देतात. आपल्याकडे येणाऱ्या लहान यंत्रांत ७५ आणि ९४ हे दोन आकडे वारंवार भेटतात, कारण २४ आणि ३० मिलिमीटर व्यासाचे ड्रम बरेच वापरात आहेत.

ठिपका फक्त गुलाबी, म्हणजे मॅजेंटाचा ड्रम. बाकीचे तीन निर्दोष आहेत असं लगेच म्हणता येत नव्हतं. पांढऱ्या कागदावर पिवळा ठिपका डोळ्याला दिसतच नाही, तो हिरव्यात किंवा लालमध्ये मिसळून रंग बिघडवतो आणि माणूस भलत्याच रंगाला दोष देतो. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. नातवाच्या दप्तरात निळी पारदर्शक फाइल होती, तिच्यातून पान बघितलं. निळ्यातून पिवळं काळपट दिसतं. चाचणीपानावरचा पिवळा पट्टा एकदम गडद दिसायला लागला, पांढऱ्या जागेत मात्र काही नव्हतं. पिवळा ड्रम सुटला.

या यंत्रात चार ड्रम एकसारखे आहेत, एकमेकांच्या जागी बसतात. मॅजेंटाचा ड्रम निळ्याच्या जागी लावायचा, ठिपका निळा झाला तर दोष ड्रमचा, असा प्रयोग काही जण करतात. मी तो टाळतो. ड्रमवर उरलेला टोनर दुसऱ्या रंगाच्या डब्यापर्यंत पोचला, तर एका दोषाचे दोन होतात. पट्टीने तेच उत्तर फुकटात दिलं होतं.

आता ड्रम बाहेर काढायचा होता. ड्रमचा हिरवट-निळसर चकचकीत पृष्ठभाग प्रकाशाला हळवा असतो, त्याच गुणावर सगळी छपाई चालते. बराच वेळ उजेडात राहिला तर तो कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून खिडकी लावून घेतली, मोठा दिवा बंद केला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि काढलेल्या बाकीच्या ड्रमांवर जाड कापड टाकलं. मॅजेंटाचा ड्रम आडवा धरून चाचणीचं पान त्याच्या लांबीला समांतर लावलं, म्हणजे ठिपका डाव्या कडेपासून किती आत आहे ते ड्रमवर कळतं. मग कडेचा दात असलेला गिअर बोटाने हळूहळू फिरवत नजर तेवढ्याच पट्ट्यावर ठेवली. अर्ध्याहून जास्त फेरी होईपर्यंत काही नाही. मग एका जागी चकाकी मोडली. टाचणीच्या डोक्याएवढा धुरकट ठिपका, त्यात कागदाचा तंतू अडकलेला. बारकाईने पाहिल्यावर तो गुलाबीही दिसला, कारण त्यावर टोनर चिकटून बसला होता. तो डिंक होता. लेबलचा.

लेझरमध्ये ड्रमला आधी सगळीकडे सारखा विद्युतभार देतात, मग लेझर जिथे पडतो तिथला भार उतरतो आणि टोनर त्याच जागी जाऊन बसतो. डिंकाखालच्या जागेत भार टिकतच नाही, म्हणून लेझर पडला नाही तरी टोनर तिथे ओढला जातो. शिवाय डिंकाचा चिकटपणा आहेच. पांढऱ्या कागदावर न मागता उमटणारा ठिपका तो हाच.

कोरड्या कापसाच्या काडीने तो ठिपका पुसायला घेतला. काडी तिरपी धरून, अजिबात जोर न देता, एकाच दिशेने. स्पिरिट नाही, पाणी नाही, नख तर नाहीच. डिंक लगेच सुटत नाही, आधी मऊ गुठळी होते आणि मग एकदम गोळा होऊन काडीला येते. वहिनी म्हणाल्या, "थोडं नेलपॉलिश रिमूव्हर देऊ का?" ते ड्रमवर लागलं असतं तर दुकानदाराचा नवा संच घ्यावाच लागला असता. पुसून झाल्यावर ड्रमवरची कोरोना तारही साफ करून घेतली. तिच्यासाठी हिरवी सरकती कळ असते, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा सरकवायची आणि खूण केलेल्या मूळ जागी परत आणायची. ती अध्येमध्ये राहिली तर पुढच्या पानावर उभा पट्टा येतो आणि माणूस नव्या बिघाडाच्या मागे लागतो.

ड्रम बसवल्यावर पहिल्या काही पानांवर फिकट गुलाबी सावली होती, मग ती गेली. गडद मॅजेंटाचा पूर्ण भरलेला पट्टा छापला, की त्या जागी अजूनही अगदी बारीक फिका बिंदू दिसतो. डिंकाने पृष्ठभागाला थोडं दुखावलं असणार. लेबलवर तो कोणाला सापडणार नाही.

पण डिंक तिथे आला कसा? या यंत्रात कागद एका फिरत्या पट्ट्यावर बसून चारही ड्रमांना लागून जातो, म्हणून कागदावर असेल ते थेट ड्रमला लागू शकतं. (ज्या यंत्रांत रंग आधी पट्ट्यावर जमतात आणि मग कागदावर उतरतात, तिथे डिंकाचा डाग बहुतेक पट्ट्यावर किंवा फ्यूजरवर सापडतो.) वहिनींना विचारलं, की अर्धवट वापरलेलं लेबलचं पान परत घालता का? आधी नाही म्हणाल्या. मग आठवून म्हणाल्या, की वरच्या चार-सहा लेबलांचीच गरज असली तर ती सोलून उरलेलं पान पुन्हा घालते, "टाकवत नाही हो, एवढं महाग पान." खरं आहे. पण लेबल सोललं, की शेजारच्या लेबलाची कड उघडी पडते आणि तिथला डिंक मोकळा होतो. पान आत वळताना ती कड उचलली जाते. यंत्रात लेबलच सुटलं नाही, हे नशीब. ते फ्यूजरच्या रुळाला गुंडाळलं असतं तर प्रकरण कापसाच्या काडीवर भागलं नसतं.

गोष्ट इथेच संपली नाही. कपाटातून लेबलांचं पाकीट काढून उलटं केलं, तर त्यावर छापलं होतं: इंकजेटसाठी. नेहमीची लेझरची लेबलं पावसात मिळाली नाहीत, म्हणून जवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून चकचकीत स्टिकरपेपर आणला होता. दुकानदाराला फरक माहीत नसावा, वहिनींना तो सांगितला कोणी नव्हता. इंकजेटच्या चकचकीत कागदावर शाई शोषायचा लेप असतो आणि डिंक उष्णता सोसण्यासाठी बनवलेला नसतो. लेझरचा फ्यूजर १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. त्या तापात लेप मऊ होऊ शकतो, डिंक कडेने पाझरू शकतो. बोट फिरवल्यावर निघणाऱ्या छपाईचं एक मूळ इथेच होतं.

दुसरं मूळ सेटिंगमध्ये. टोनर म्हणजे काही मायक्रॉन आकाराची प्लॅस्टिकची पूड. ती कागदावर नुसती ठेवलेली असते, फ्यूजरमधून जाताना वितळून तंतूंत रुतते. लेबलचं पान म्हणजे वरचा कागद, डिंक आणि खालचा मेणचट कागद, तीन थर. एवढं जाड पान साध्या कागदाच्या वेगाने गेलं तर उष्णता थरांतच मुरते आणि वरचा टोनर अर्धवट वितळतो. यंत्राला कागद 'लेबल' किंवा 'जाड' आहे असं सांगितलं, की ते पान सावकाश नेतं आणि फ्यूजर त्याप्रमाणे तापवतं. वहिनी फोनवरून छापत होत्या आणि फोनच्या अ‍ॅपमध्ये कागदाचा प्रकार मुकाट 'साधा' असा धरलेला होता. पर्याय होता, पण 'अधिक' नावाच्या दाराआड. लेबलची सेटिंग लावून, लेझरच्या उरलेल्या दोन जुन्या लेबलपानांपैकी एकावर छापलं. नखाने खरवडलं, मग चिकटपट्टी लावून झटकन ओढली. टोनर हलला नाही. पान नेहमीपेक्षा सावकाश बाहेर आलं, तेव्हा वहिनींना वाटलं यंत्र अडकलं.

आता ढगाळ रंगांकडे येऊ, कारण कोकणातल्या प्रिंटरांचा हा खरा शत्रू. लेझर छपाई सगळी स्थिर विजेवर चालते. १९३८ साली अमेरिकी संशोधक चेस्टर कार्लसन यांनी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात याचा पहिला यशस्वी प्रयोग केला. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा त्यांनी रुमालाने घासून भारित केला होता. आजचं यंत्र कितीही गुळगुळीत दिसलं, तरी विजेवर पूड ओढून घेण्याचा खेळ तोच आहे. कागदाच्या मागच्या बाजूने भार देऊन ड्रमवरचा टोनर कागदावर ओढला जातो. कागद कोरडा असेल तर भार जागच्या जागी राहतो. कागद सादळला, की तो विजेला वाट देतो, भार इकडेतिकडे निसटतो आणि टोनर कुठे उतरतो, कुठे ड्रमवरच राहतो. म्हणून ढग. हिरव्यावर ते जास्त दिसतात, कारण हिरवा म्हणजे निळा आणि पिवळा असे दोन थर एकावर एक. पहिला थर उतरला आणि दुसरा अडखळला, की रंगाचा तोलच जातो. वहिनींच्या लेबलवर कोकमाच्या लाल फळाशेजारी हिरवं पान आहे. तेच पान गेले कित्येक दिवस कुठे पिवळट, कुठे निळसर येत होतं.

कारखान्यातून निघताना कागदात साधारण ५ टक्के ओलावा असतो. श्रावणात इथे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. ८० जीएसएमच्या ५०० कागदांची ए४ रिम अडीच किलोची. ओलावा २ टक्क्यांनी वाढला तरी त्या गठ्ठ्यात ५० ग्रॅम पाणी जादा शिरलं. ट्रेमध्ये रिमच्या रिम ओतून ठेवली होती, ट्रे बंद दिसला तरी हवाबंद नसतो, आणि टेबल खिडकीलगत. वाऱ्याबरोबर पावसाची झड थेट यंत्रापर्यंत यायची. कागदाच्या कडा लाटेसारख्या झाल्या होत्या, छापून आलेलं पान नळीसारखं वळत होतं, कधी दोन पानं एकदम ओढली जात होती. सादळलेल्या कागदाच्या सगळ्या खुणा.

आणि तो धूर. फ्यूजरमधून जाताना कागदातलं पाणी वाफ होऊन वरच्या फटीतून बाहेर येतं. संध्याकाळच्या उजेडात ते थेट धुरासारखं दिसतं. फरक ओळखायला नाक पुरतं. जळकट वास असेल तर लगेच बटण बंद करून प्लग काढायचा. वास नसेल, नुसतीच फिकी वाफ पान बाहेर येताना दिसत असेल आणि ताज्या कागदावर ती थांबत असेल, तर ती वाफच. इथे तेच झालं. ट्रेमधल्या कागदावर वाफ दिसली, नव्या रिमवर नाही.

यावरचा उपाय त्या घराला शिकवायची गरजच नव्हती. पापड आणि फणसपोळी पावसाळ्यात कशी सांभाळायची हे वहिनींना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कागदही पापडासारखाच हवाबंद डब्यात ठेवायचा, एवढंच सांगितलं. मोठा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि रिम तिच्या मूळ वेष्टणातच, कारण त्या वेष्टणाला आतून ओलावा अडवणारा थर असतो. ट्रेमध्ये त्या दिवशी लागतील तेवढीच पानं. संध्याकाळी उरलेली डब्यात परत. लेबलांची पाकिटंही त्याच डब्यात. गुरुजींनी विचारलं, सादळलेली रिम इस्त्रीने किंवा उन्हात सुकवून चालेल का? उन्हाचा प्रश्न श्रावणात येत नाही. इस्त्रीने कागद आणखी वाकडा होतो आणि आत अडकतो. ती रिम नातवाच्या कच्च्या कामाला गेली. यंत्र खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावलं.

दमट हवेत टोनरलाही पुरेसा भार मिळत नाही, तेव्हा रंग किंचित फिके येतात किंवा पांढऱ्या जागेवर अगदी पुसट मळ दिसतो. बिघडलेल्या स्थितीत यंत्राने बांधलेला रंगांचा अंदाज पुसण्यासाठी, जागा बदलल्यावर आणि यंत्र खोलीच्या तापमानाला आल्यावर मेनूमधून रंगांची जुळणी पुन्हा करून घेतली. त्यात यंत्र स्वतःच्या पट्ट्यावर रंगांचे छोटे ठोकळे छापतं आणि सेन्सरने वाचून दाटपणा आणि जागा नीट करतं.

राहिली फुगलेली अक्षरं. लेबलवर घटकपदार्थ, वजन, किंमत आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक अगदी बारीक अक्षरांत असतो. त्या अंकांच्या कडेला गुलाबी-निळी झालर दिसत होती, ३ आणि ८ मध्ये फरक कळेना. चाचणीपानावरची अक्षरं धारदार होती, म्हणजे यंत्राला काळं नीट छापता येत होतं. लेबल फोनवरच्या डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये बनवलं होतं आणि चित्र म्हणून, जेपीजी करून, छापायला पाठवलं होतं. चित्रात यंत्राला अक्षर दिसत नाही, दिसतात ते काळसर बिंदू. ते काळं बऱ्याच वेळा चारही रंग मिसळून बनतं. चारांपैकी एक रंग केसभर जरी सरकला, तरी बारीक अंकाला झालर लागते. शिवाय जेपीजीच्या दाबकामात अक्षराच्या कडा मुळातच धुरकट झालेल्या. त्याच अ‍ॅपमधून लेबल पीडीएफ करून घेतलं, अक्षरं शुद्ध काळ्या रंगात ठेवली आणि कोकमाचं चित्र जास्त रेझोल्यूशनचं लावलं. १४ आकडे भिंगाशिवाय वाचता आले. या एका दुरुस्तीला यंत्राचं झाकणही उघडावं लागलं नाही आणि ग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक तिनेच पडला.

जाता जाता इन्व्हर्टरचा विषय निघाला. वीज गेली की प्रिंटर इन्व्हर्टरवर चालवू का, असं गुरुजींचं म्हणणं होतं. चालवू नये. फ्यूजर तापताना लेझर प्रिंटर काही क्षण हजार वॅटच्या घरात वीज ओढतो. घरगुती इन्व्हर्टर एक तर बंद पडतो, नाही तर विजेचा दाब इतका खाली येतो, की फ्यूजर पुरेसा तापत नाही आणि छपाई पुन्हा बोटाला येते. राउटर आणि दिवा इन्व्हर्टरवर, प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर.

ड्रम काढताना थोडा काळा टोनर टेबलावर सांडला होता. वहिनी झाडू घेऊन आल्या, त्यांना थांबवलं. झाडूने ही पूड हवेत उडते आणि घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या गाळणीतूनही निसटते. गार पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने ती टिपून घ्यायची, गरम पाण्याने नाही, नाहीतर टोनर मऊ होऊन चिकटायचा. बाहीला लागलेली पूडही आधी झटकायची, मग गार पाणी.

दुकानदाराला ड्रमच्या संचाची ऑर्डर नको म्हणून कळवलं, त्याऐवजी लेझरच्या लेबलांची दोन पाकिटं मागवली. इंकजेटचा चकचकीत स्टिकरपेपर गुरुजींनी शाळेच्या प्रदर्शनाला देऊन टाकला, तिथे इंकजेट आहे. अर्धवट वापरलेलं पान पुन्हा आत जाऊ नये, म्हणून वहिनींनी लेबलांचा आराखडाच बदलला. मोठ्या बाटलीचं, लहान बाटलीचं आणि पाकिटाचं लेबल एकाच पानावर घेतलं, म्हणजे पान एका फेरीत पूर्ण वापरलं जातं आणि वायाही जात नाही. ही युक्ती मला सुचली नव्हती. मॅजेंटाच्या ड्रमवरचा तो बारीक फिका बिंदू वाढतो का, हे बघण्यासाठी गडद गुलाबी पट्ट्याचं एक पान तारीख टाकून डब्यात ठेवलं आहे. दर महिन्याला तसंच नवं पान काढून शेजारी धरायचं. बिंदू मोठा व्हायला लागला तर तो एक ड्रम घ्यायचा, चार नाही.